पुढची म्हातारी

जरा डोळे मिटा, आणि एका जुन्या निळ्या पिकअप गाडीत येऊन बसा. पुढच्या लांब सीटवर, अगदी मधोमध. डाव्या अंगाला गाडी चालवणारा मामा, उजव्या अंगाला खिडकीशी आजी. पायांशी हीटरची ऊब आहे. समोरच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलाय. या रस्त्यावर तडा नसलेली काच कोणाकडेच नसते. काचेपलीकडे पार उत्तरेकडचा खडीचा रस्ता. त्याला वळणं पुष्कळ, फाटा एकही नाही. दोन्हीकडे उघडे डोंगर, अर्धे बर्फात आणि अर्धे धुक्यात, त्यामुळे बर्फ कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही.

बसलात? आता मामानं ब्रेक दाबला. एकदम नाही, बाळ झोपलेल्या खोलीचं दार लोटावं तसा, हळूच.

आयव्ही अशीच मधोमध बसली होती. नऊ वर्षांची. मांडीवर काळ्या मखमलीचा एक रुंद पट्टा होता, बाळाला पाठीशी बांधायचा. त्यावर मण्यांची फुलं भरलेली होती. सगळी फुलं आजीच्या हातची, फक्त टोकाचं एक पान आयव्हीचं. आजीच्या नजरेनं सुईची साथ सोडली तेव्हा ते तिनं भरलं होतं. पान थोडं वाकडं झालं होतं.

"पानं वाकडीच असतात," आजी तेव्हा म्हणाली होती.

"का थांबलास रे?" आता आजीनं विचारलं. तिच्या उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची पांढरी पट्टी होती. डाव्याची पाळी पुढच्या वर्षी होती. त्यातून तिला उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं.

मामानं इंजिन बंद केलं. हीटरची घरघर थांबली आणि गाडीत इतकी शांतता झाली, की आयव्हीला स्वतःच्या जाकिटाची सळसळ ऐकू आली.

"कॅरिबू," मामा म्हणाला.

आजी ताठ बसली. "किती?"

"दिसतायत ते चाळीस-पन्नास. पण मागे धुक्यात अख्खा डोंगर हलतोय, आई."

आयव्हीनं पाहिलं. डाव्या उतारावर सुरुवातीला तिला काहीच दिसलं नाही, फक्त वाळकी झुडपं. मग त्यातलं एक झुडूप चाललं. मग दुसरं. मग कळलं, की ती झुडपं नाहीत, शिंगं आहेत, आणि शिंगांखाली करड्या-पांढऱ्या माना आहेत, आणि प्रत्येक मानेपुढे श्वासाचा एक लहानसा ढग आहे.

दोन हिवाळे झाले, या रानहरणांचा कळप या बाजूला फिरकलाच नव्हता. गावाचा सामाईक मोठा फ्रीजर नुसताच गुरगुरत होता; आत बर्फ आणि दोन-चार माशांची पोती. दुकानात विमानानं आलेलं मांस मिळायचं. त्यावरची किंमत आयव्ही वाचून दाखवायची तेव्हा आजी दुकानदाराला विचारायची, "काय रे, हे जनावर खिडकीजवळची सीट घेऊन आलं वाटतं?" दुकानात सगळे हसायचे. मग आजी रिकाम्या हातानं घरी यायची.

म्हणजे ही आनंदाची गोष्ट होती. आयव्हीला ते कळत होतं. पण तिची नजर पुन्हा पुन्हा गाडीतल्या घड्याळाकडे जात होती. अडीच वाजले होते.

आज शेवटची फेरीबोट होती. खाली, इथून दीड तासावर, पील नदीत बर्फाचा लगदा वाहायला लागला होता. पाच वाजता बोट शेवटची पलीकडे जाणार आणि मग ओढून काठावर चढवणार. त्यानंतर तीन आठवडे, कदाचित चार, नदीवरून गाडी नेण्याएवढं बर्फ धरेपर्यंत, अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे.

पलीकडे गाव होतं, आणि गावात आयव्हीची आई. आणि बारा दिवसांचा भाऊ, ज्याला आयव्हीनं अजून पाहिलंच नव्हतं. सप्टेंबरात आई बाळंतपणासाठी विमानानं इनुविकला गेली, आणि त्याच आठवड्यात आजी डोळ्यांसाठी दक्षिणेला, व्हाइटहॉर्सला. आजीबरोबर कोणीतरी बघणारं हवं म्हणून आयव्हीला धाडलं. आता आई बाळ घेऊन गावी परतली होती, आणि मामा या दोघींना आणायला आला होता. दोन महिने आयव्ही आजीचे डोळे झाली होती. पायऱ्या, बशी, रस्ता, लोकांचे चेहरे, सगळं तिनं सांगायचं.

"मामा," ती म्हणाली, "हळूहळू, अगदी हळू, त्यांच्यामधून गेलं तर?"

"पुढच्या माद्या गेल्याशिवाय नाही."

"पण बोट..."

"पुढच्या गेल्या की मागचे वाट सोडत नाहीत. मग फट मिळेल तिथून काढतो गाडी. आधी नाही." मामा बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता. डावीकडच्या उताराकडेही नाही. स्टिअरिंगवरच्या आपल्या बोटांकडे पाहत होता. "मागून ट्रक येतोय एक. मगाशी रेडिओवर ऐकला. त्याला वळणावर थोपवायला हवं, नाहीतर येईल खडखडत."

त्यानं सीटमागून लाल झेंडा काढला, हातातला छोटा रेडिओ खिशात घातला आणि गाडीतल्या रेडिओचा वेटोळ्याच्या वायरीचा माइक काढून आयव्हीच्या हातात दिला.

"पुढच्या पार झाल्या की हे बटण दोनदा दाबायचं. बोलायचं नाही. नुसतं टक्, टक्. या रस्त्यावर आणि गावात सगळ्यांना कळतं, पुढच्या पार झाल्या, कळप येतोय."

"आणि मला नीट नाही दिसलं तर?"

"आजीला दोन महिने सगळं दिसतंय तुझ्यामुळं. तुला नाही दिसणार?"

आजीनं डबा उघडला. सुक्या माशाचा धुरकट वास गाडीभर झाला. "वॉल्ट्या, थंडीत उभा राहणार आहेस. दोन तुकडे घे तोंडात टाकायला."

"नको."

"मामा माशाला घाबरतो," आयव्ही म्हणाली. ही घरातली जुनी थट्टा होती. गावात मासा न खाणारा माणूस एकच, आणि तो त्यांच्याच घरात.

"हो, चावतो मला तो," मामा म्हणाला. बॅनकच्या जाड भाकरीचा एक तुकडा खिशात टाकून तो उतरला आणि दार आपटू न देता, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. मग पाठमोरा, झेंडा काखेत धरून, वळणाकडे चालत गेला. एकदाही त्यानं उताराकडे मान वळवली नाही. धुक्यानं त्याला आधी गुडघ्यांपर्यंत घेतलं, मग खांद्यांपर्यंत, मग नुसता लाल झेंडा राहिला, मग तोही नाही.

आजीनं तिच्या बाजूची काच बोटभर खाली केली. थंडी आत आली.

"सांग," ती म्हणाली.

आयव्ही सांगू लागली. "तीन जण खाली आलेत. चराशी. एकानं उडी मारली. आता रस्त्यावर आले... एक घसरला! पडला नाही. पलीकडे गेले, आजी! गेले तिघं!"

"शिंगं कशी?"

"मोठी. अंगापेक्षा मोठी."

"मग ती टवाळ पोरं. नाचत येतात, नाचत जातात. त्यांना कोण विचारतंय! पुढची म्हातारी असते. माझ्यासारखी. ती आली का?"

आयव्हीनं शोधलं. उताराच्या पायथ्याशी, चराच्या अलीकडे, एक मादी उभी होती. फार मोठी नव्हती. एका बाजूचं शिंग मोडलेलं, पाठीवर जुना वण. तिच्या मागे दहा-बारा माद्या, त्यांच्या मागे पिल्लं, त्यांच्या मागे धुकं. धुक्यात पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. पण दिसत नसलेलंही थांबलेलं आहे, हे कसं कोण जाणे कळत होतं. ती मोडक्या शिंगाची मादी मान खाली घालून रस्त्याच्या कडेची खडी हुंगत होती. हुंगायची, मान वर करायची, गाडीकडे पाहायची, पुन्हा हुंगायची.

"आली. उभी आहे."

"राहू दे उभी."

मग पुष्कळ वेळ काहीच झालं नाही.

रेडिओ अगदी बारीक आवाजात चालू होता. त्यात एकदम एक अनोळखी, रांगडा आवाज बोलला. "अहो पुढचे, झेंडा कसला दाखवताय? रस्ता खचलाय का?"

"नाही," मामाचा आवाज. "कॅरिबू उतरतायत. थांबा तिथंच."

"हरणं? हरणांसाठी एवढा ट्रक उभा करू? एक हॉर्न मारला तर पळतील सगळी."

"पहिल्यांदाच आलात वाटतं या रस्त्यावर?"

"दुसऱ्यांदा."

"मग चहा आणला असणार. पहिल्यांदा येणारे विसरतात."

रेडिओ खरखरला. मग, "आहे. पण साखर नाही."

"चालेल. उतरा खाली. आणि दार आपटू नका."

आजी तोंडातल्या तोंडात हसली. "वॉल्ट्याला वाळवंटात सोडला तरी कोणाकडून तरी चहा मिळवील."

गाडी गार होत चालली. आजीनं घोंगडी दोघींच्या पायांवर ओढली. काचेवर आयव्हीच्या श्वासाची वाफ धरायची, ती बाहीनं पुसायची, पुन्हा धरायची. वाफेच्या मागे ती मोडक्या शिंगाची मादी पुसट व्हायची, पुन्हा स्पष्ट व्हायची. आयव्हीला वाटलं, आपण पुसलं नाही तर ती तशीच विरून जाईल, आणि तिच्यामागचा सगळा डोंगरही. मग तिला वाटलं, विरली तर बरंच होईल. मग रस्ता मोकळा. आणि असं वाटल्याची तिला लाज वाटली.

भाऊ कसा असेल? आई फोनवर म्हणाली होती, त्याच्या कानावर लव आहे. एवढंच ती सांगायची, बाकीचं तू आल्यावर बघ म्हणायची. आयव्हीनं पट्ट्यावरच्या वाकड्या पानावरून बोट फिरवलं. मण्यांना थंडी चढली होती.

तीन वाजले. रेडिओवर फेरीबोटीवरचा माणूस बोलला. मध्ये डोंगर असल्यानं त्याचे शब्द तुटक येत होते. "पाच वाजता शेवटची... बर्फ जड होतंय... वर रस्त्यात जे कोणी असतील..." पुढचं खरखरीत बुडालं.

सव्वातीन.

मादीनं पुढचा एक पाय चरात टाकला. आयव्हीचा अंगठा बटणाकडे गेला. मादीनं पाय मागे घेतला.

"ए, जा ना ग," आयव्ही काचेशी पुटपुटली. "तुला काय, तू काही बोट नाही पकडायची."

तीन पंचवीस. आता पाच मिनिटांत निघालं तर. आयव्हीनं मनात रस्ता पाहिला: घाट उतरायचा, खुरटी झाडं लागायची, मग उंच झाडं, मग नदीचा तो लांब उतार, खाली लोखंडी बोट, तिच्यावरचे पिवळे दिवे, आणि पलीकडे आई. एवढंच तर अंतर. एक टक्, आणखी एक टक्.

"आजी," ती म्हणाली. "गेली."

"कोण?"

"म्हातारी. आणि तिच्या मागच्या. गेल्या सगळ्या."

तिचा आवाज नेहमीसारखाच आला. याचं तिलाच आश्चर्य वाटलं. दोन महिन्यांत तिनं आजीला एकही खोटी पायरी सांगितली नव्हती.

आजीनं मान किंचित खिडकीकडे कलती केली, दूरच्या खोलीत कोणी बोलतंय का ते ऐकावं तशी. काच बोटभर उघडीच होती.

"बरं," ती म्हणाली.

"तुझा मामा एकोणीस वर्षांचा होता," आजी सांगू लागली. तिचा सूर असा, जणू हे बोलणं मघाच्या बोलण्याला लागूनच आहे. "इथंच कुठंतरी. या वळणाला की पुढच्या, आता मला सांगता यायचं नाही. पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन आला होता. फार घाई होती त्याला. सगळ्यांच्या आधी मांस घेऊन गावात शिरायचं, पोरींनी बघायचं, असलं काहीतरी. थांबला नाही. जी सगळ्यात पुढं होती तिलाच गोळी घातली."

"मग?"

"मग काय. बाकीचे उभे राहिले. कुणीकडं जायचं ते सांगणारं कोणी उरलं नाही. मागं वळले, आणि डोंगरापलीकडं गेले. गाव त्या वर्षी मासे खाऊन राहिलं. ख्रिसमसला मासा, नव्या वर्षाला मासा. लग्न होतं एक, त्यातही मासा."

माशांचा हिवाळा. आयव्हीला ते नाव माहीत होतं. गावात मोठी माणसं कधीकधी म्हणायची, अमका माशांच्या हिवाळ्यात जन्मला, तमकं घर माशांच्या हिवाळ्यानंतर बांधलं. तो हिवाळा कोणामुळे आला, हे कोणी कधी म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"लोक रागावले त्याच्यावर?"

"कोणी एक अक्षर बोललं नाही. जाळ्यात पहिला मासा लागला की तो आमच्या दारात आणून द्यायचे. रोज. वॉल्ट्यासाठी म्हणून." आजीनं घोंगडीची कड सारखी केली. "रागावले असते तर खाल्ला असता त्यानं."

मग तिनं हात पुढे केला, चाचपत आयव्हीचा हात शोधला, आणि तिच्या मुठीतल्या माइकवर एकदा थोपटलं.

"म्हातारी गेली म्हणालीस ना. मग दाब तू, दाबावंसं वाटेल तेव्हा. मी काही बघू शकत नाही."

आयव्हीचा अंगठा बटणावर होता. बटण गार होतं आणि थोडं चिकट. बाहेर मोडक्या शिंगाच्या मादीनं मान वर केली, आणि काचेतून, तड्याच्या वरून, सरळ आयव्हीकडे पाहिलं. निदान आयव्हीला तसं वाटलं. तिच्या पापण्यांवर हिमाचे कण होते. तिच्या मागे एका पिल्लानं तिच्या पोटाशी डोकं घासलं. पिल्लाच्या कानांवर पांढरी लव होती.

तीन एकोणतीस. तीन तीस.

आयव्हीनं अंगठा काढला.

"नाही गेली, आजी," ती म्हणाली. "अजून उभीच आहे."

"असं होय," आजी म्हणाली. "धुकं असलं की होतं असं." आणि तिनं डब्यातून बॅनकचा तुकडा काढून अर्धा आयव्हीला दिला.

दोघी खात राहिल्या. आयव्हीनं घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं. आता त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं तसंच येऊ दिलं.

आणि मग, कधी ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, मादी चरात उतरली. वर आली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पलीकडचा वारा हुंगला. आणि चालू लागली, घाई न करता, आपल्या घरच्या अंगणातून चालल्यासारखी. तिच्या मागे दुसरी, तिसरी, पिल्लू, पिल्लाची आई. डोंगर खाली उतरू लागला.

तेव्हा तो आवाज आला.

टक्. टक्. टक्-टक्. टक्.

खुरांचा नव्हे. खुरांचा खडीवर वेगळाच, मऊसा आवाज होता. हा कोरडा, बारीक आवाज पायांच्या आतून येत होता, घोट्याच्या शिरांमधून, प्रत्येक पावलाला एक. शेकडो पावलं होती, त्यामुळे जणू कोणी दूर कुठेतरी हजार काटक्या मोडत बसलं होतं. आयव्हीनं कॅरिबू पुष्कळ पाहिले होते, पण हा आवाज कधी ऐकला नव्हता. दरवेळी इंजिन चालू असायचं, नाहीतर कोणीतरी बोलत असायचं.

तिनं आजीकडे पाहिलं. आजी बोटभर उघड्या काचेशी कान लावून बसली होती. तिच्या सुरकुत्यांवर हळूहळू असं हसू पसरत होतं, की ते आयव्हीनं दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

म्हणजे मघाशी आजीला हे ऐकू आलं नव्हतं. म्हणजे मघाशीच आजीला माहीत होतं.

आयव्हीचे कान तापले. ती काहीतरी बोलणार होती. आजीनं बोट ओठांवर ठेवलं आणि पुन्हा काचेकडे वळली.

आयव्हीनं बटण दोनदा दाबलं. टक्, टक्. बाहेरच्या आवाजात तिचे दोन आवाज कुठे मिसळले ते कळलंही नाही.

कळप गाडीच्या दोन्ही बाजूंनी गेला. इतक्या जवळून, की एकाच्या अंगाचा केस आरशात अडकून राहिला. त्यांच्या श्वासांनी काचा बाहेरूनही धुरकट झाल्या. मग आयव्हीला आपली गाडी थांबली आहे असं वाटेना. कळप उभा आहे, आणि निळी गाडी, आजी, ती आणि मांडीवरचा पट्टा असं सगळं त्यांच्यामधून अलगद मागे मागे वाहत चाललं आहे असं वाटू लागलं. फट कुठेच नव्हती. कोणी शोधलीही नाही.

मामा परत आला तेव्हा पावणेपाच झाले होते आणि उजेड निळा व्हायला लागला होता. त्याच्याबरोबर ट्रकवाला होता, लाल कानांचा, तरुण, थर्मास छातीशी धरलेला. तो गाडीशी येऊन उभा राहिला आणि रस्त्यावरच्या हजारो ठशांकडे पाहत राहिला.

"मी कधी..." तो म्हणाला.

"हॉर्न मारणारे ते तुम्हीच ना?" आजीनं काचेच्या फटीतून विचारलं.

"नाही मारला, आजी."

"कळलं. शहाणे आहात."

तो आपल्या ट्रककडे गेला आणि येताना संत्र्यांची एक जाळीची पिशवी घेऊन आला. ट्रकभर गावच्या दुकानाचा माल होता. आता तो परत दक्षिणेला जाणार. "खोकं फुटलं होतं म्हणून सांगतो," असं म्हणत त्यानं पिशवी आयव्हीच्या मांडीवर ठेवली, पट्ट्याच्या शेजारी.

मामानं गाडी सुरू केली. हीटर घरघरला. घाट उतरला, खुरटी झाडं आली, मग उंच.

"कोण होती पुढं?" मामानं विचारलं. नजर रस्त्यावर.

"आयव्हीनं पाहिलीय," आजी म्हणाली. "तिला विचार."

"एक शिंग मोडलेली," आयव्ही म्हणाली. "पाठीवर वण होता. आधी तिनं खूप वेळ खडी हुंगली. मग गेली."

मामानं मान हलवली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्यानं स्टिअरिंगवरचा उजवा हात काढला आणि तळवा वर करून आयव्हीच्या पलीकडे, आजीपुढे धरला. आयव्हीला वाटलं, संत्रं मागतोय. आजीला तो हात दिसण्यासारखा नव्हता, म्हणून आयव्हीच म्हणाली, "आजी, मामाचा हात."

आजीनं डबा उघडला आणि त्या तळव्यावर सुक्या माशाचा तुकडा ठेवला. मामानं तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

नदीवर ते सव्वासहाला पोचले. बोट पलीकडच्या काठावर, अर्धी जमिनीवर ओढलेली, दिवे विझवलेली. मधून नदी जात होती, पाण्यापेक्षा बर्फच जास्त, एकमेकांना घासणारी पांढरी ताटंच्या ताटं, सतत हिस्स असा आवाज करत. अलीकडच्या काठावर, झाडांत, आजीची मासेमारीची झोपडी होती. चूल होती, सरपण होतं. तीन आठवडे तिथं काढायचे. एक पट्टा, संत्र्यांची पिशवी, आणि मासे.

पलीकडे पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. शेवटची बोट पाहायला दर वर्षी निम्मं गाव येतं, आणि आज बोट काठाला लागली तरी कोणी घरी गेलं नव्हतं. एका गाडीचे दिवे लागले. त्या दिव्यांच्या उजेडात एक बाई येऊन उभी राहिली, हातात काहीतरी गुंडाळलेलं, छातीशी. इथून ती बोटाएवढी दिसत होती.

रेडिओ खरखरला.

"आयव्ही?" आईचा आवाज अगदी कानाशी आला, पण बाई तिकडेच, बोटाएवढी. "दिसतेय का ग मी? दिव्यात उभी आहे. त्यांनी बोट वीस मिनिटं थांबवून धरली होती तुमच्यासाठी. मग बर्फ फारच यायला लागलं." आवाज जरा थांबला. "काय झालं तुम्हाला? गाडी बंद पडली का?"

मामानं माइककडे हात नेला. आजीनं तो हात न चुकता पकडला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

"आयव्ही? ऐकतेस ना, बाळ?"

आयव्हीनं समोर पाहिलं, त्या उजेडातल्या लहानशा गुंडाळीकडे, तिच्या मागच्या सगळ्या गाड्यांकडे, ज्यांच्या प्रत्येकीत रेडिओ चालू असणार होता. मग तिनं माइक तोंडाशी नेला नाही. तो दोन्ही हातांत धरला, अंगठा बटणावर ठेवला, आणि दोनदा दाबलं.